आंग कुठं धुता?

भंडाऱ्यात रुजू झालो तेव्हा नाकाचे सगळे आजार माझ्या डोक्यात पाठ्यपुस्तकातल्या क्रमाने लावलेले होते. तो क्रम पहिल्याच वर्षी, दिवाळीनंतरच्या एका सकाळी मोडला. लाखांदूरकडच्या गावातला तिशीतला एक ढिवर समोरच्या स्टुलावर येऊन बसला. काय होतंय विचारलं तर म्हणाला, "सर्दी नाई जात जी." किती दिवसांची? "दोन वर्सं झाली असतीन." डाव्या नाकपुडीतून श्वास बंद, अधूनमधून घोळणा फुटायचा, रुमालावर रक्ताचे डाग. उजेड टाकून पाहिलं तर आत लालबुंद मांस वाढलेलं. मी केसपेपरवर 'पॉलिप' लिहिलं. सवयीने आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. त्यातला एक होता, "तलावात पोहता का?" तो म्हणाला, "नाई." मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

टेबलावर त्या मांसाला तारेचा फास लावला आणि आवळला. साधा पॉलिप सोललेल्या द्राक्षासारखा असतो, फिकट आणि ओलसर, हात लावला तरी सहसा रक्त येत नाही. हे मांस फासाखाली भुसभुशीत होऊन तुटलं आणि धार लागली. पट्ट्यांवर पट्ट्या कोंबण्यात अर्धा तास गेला. रक्त थांबल्यावर ट्रेमधला तुकडा नीट पाहिला. पिकलेल्या तुतीसारखा खडबडीत, आणि वरून कुणी खसखस भुरभुरावी तसे बारीक पांढरे ठिपके. ओटीतल्या जुन्या सिस्टर तेव्हा काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी राउंडला मात्र त्यांनी माझ्यासमोरच त्याला विचारलं, "भाऊ, आंग कुठं धुता?"

"बोडीत. आनखी कुठं?"

तो माझ्याशी खोटं बोलला नव्हता. पोहणं हा पोरांचा खेळ, आणि तो पोहत नव्हता. बोडीत तो रोज आंघोळ करायचा, म्हशी धुवायचा, जाळं ओढायला छातीभर पाण्यात उतरायचा, शिंगाड्याच्या हंगामात दिवसचे दिवस वेली उलटत पाण्यात राहायचा. प्रश्न माझा चुकला होता. त्याच्या रोजच्या जगण्याला मी माझ्या सुट्टीतला शब्द लावला होता.

नाक आणि सायनसच्या संसर्गांवरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहा, असं माझ्या तरुण सहकाऱ्यांनी सांगितलं तेव्हा आधी ती सकाळच आठवली. पुस्तक सर्वसामान्य वाचकांसाठी आहे, गावोगावच्या आशाताईंसाठी आहे, आणि माझ्यासारखे बाहेरून येणारे नवे डॉक्टर चोरून वाचतील अशीही आशा आहे. त्यात काय आहे ते अनुक्रमणिकेत दिसेलच. मला सांगायचं आहे ते 'सर्दी' या एका शब्दाबद्दल. आपल्या भाषेत हा शब्द फार ऐसपैस आहे. नाक वाहिलं तर सर्दी, चोंदलं तर सर्दी, डोकं जड झालं तर सर्दी, नाकातून घाण वास आला तर 'सडकी सर्दी'. विषाणू, जिवाणू, बुरशी, ॲलर्जी, वाकडा पडदा, गाठ, सगळे याच एका शब्दाच्या ओसरीवर येऊन बसतात. आठवड्यात आपोआप जाणारी सर्दी आणि आठवड्यात डोळा घेऊन जाणारी सर्दी, दोघींना घरात एकच नाव. उशीर तिथेच सुरू होतो.

भंडाऱ्यात या शब्दाच्या आड काय काय लपतं हे कळायला आधी नकाशा पाहावा लागतो. हा तलावांचा जिल्हा. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, पण पाण्याने ही वाटणी मानली नाही. गोंडराजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी इथे पाळी घालून पाणी अडवलं, धान आणि ऊस पिकवला. पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाले आणि 'माजी मालगुजारी' म्हणून कागदावर चढले. त्याचं लघुरूप 'मामा तलाव'. सरकारी लघुरूपांमध्ये इतकं गोड नाव दुसरं मला माहीत नाही. मोठा तो तलाव, लहान ती बोडी. पाळीवर माणसं बसतात, खाली तुडूम उघडून बांध्यांना पाणी सोडतात, आणि त्याच पाण्यात माणूस, म्हैस, कपडे, भांडी सगळं धुतलं जातं. वर्षानुवर्षं गाळ साचून तलाव उथळ झाले. उन्हाळ्यात मध्यावर एक डबकं उरतं आणि गावाचा सगळा वावर त्या डबक्यात एकवटतो.

त्या ढिवराच्या तुकड्याचा अहवाल आठवड्याने आला. राइनोस्पोरिडिओसिस. आपल्या भाषेत याला नाव नाही, हीच एक खूण समजावी. रुग्ण असतात, शब्द नसतो.

या आजाराची गोष्ट मला फार आवडते, म्हणून इथे जरा रेंगाळतो. १९०० मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये गिएर्मो सीबर नावाच्या तरुण डॉक्टरने आपल्या प्रबंधात नाकातल्या अशा एका मांसाचं वर्णन केलं. १९०३ मध्ये कलकत्त्याच्या ओकिनीली या लष्करी सर्जनने एका भारतीय तरुणाच्या नाकातल्या तशाच गाठीचं वर्णन लंडनला धाडलं. १९०५ मध्ये मिंचिन आणि फँथम यांनी त्या जिवाला राइनोस्पोरिडियम हे नाव दिलं. हे सगळे त्याला आदिजीव समजत होते. १९२३ मध्ये एडिनबर्गला ॲशवर्थ यांनी त्याचं जीवनचक्र बारकाईने मांडलं, ही बुरशी आहे असं ठरवलं, आणि पहिल्या पाहणाऱ्याचा मान राखून नाव पक्कं केलं राइनोस्पोरिडियम सीबरी. त्यानंतर पाऊणशे वर्षं वैद्यकाचे विद्यार्थी 'बुरशीजन्य आजार' या प्रकरणात ते पाठ करत आले. मीही केलं. १९९९ मध्ये त्याच्या जनुकांचा तपास झाला तेव्हा कळलं की ही बुरशी नव्हेच. प्राणी आणि बुरशी यांच्या फाट्याजवळ एकपेशी जिवांचा एक गट आहे, त्यातले बरेचसे मासे आणि पाण्यातल्या इतर जिवांवर जगतात, आणि हा त्यांचा भाऊबंद आहे. माशांवर पोट असलेल्या माणसाच्या नाकात माशांच्या परजीवीचा नातलग बिऱ्हाड करून बसलेला. लेखकांनी या आजाराला बुरशीच्या भागात घालावं की नाही यावर महिनाभर वाद घातला आणि शेवटी त्याला स्वतंत्र प्रकरण दिलं. योग्य केलं.

ते पांढरे ठिपके म्हणजे या जिवाच्या पिकलेल्या पिशव्या. बहुतेक रोगजंतू सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. हा नुसत्या डोळ्यांना दिसतो, कारण पूर्ण वाढलेली एक पिशवी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढी भरते. तिच्या पोटात हजारो बीजाणू असतात. पिशवी फुटली की ते बाहेर सांडतात, आणि शेजारच्या त्वचेला चीर असेल तर तिथे नवं बिऱ्हाड थाटतात. म्हणून फास लावून ओढणं हा यावरचा सगळ्यात वाईट उपाय, आणि मी तोच केला होता. ते मांस मुळापासून सोडवून काढायचं, ज्या जागी ते चिकटलेलं असतं ती जागा विजेच्या सुईने जाळायची, आणि हे करताना तुकडे घशात पडू द्यायचे नाहीत. तरीही काहींना परत येतं. बहुतेकदा नाकात, त्याखालोखाल डोळ्याच्या पापणीआड आणि अश्रूंच्या पिशवीत, क्वचित त्वचेवर. एकाचं दुसऱ्याला लागल्याचं दिसलेलं नाही. हे मोठ्याने सांगायला हवं, कारण नाकातून रक्ताळलेलं मांस डोकावणाऱ्या माणसाचं ताट गावात वेगळं व्हायला वेळ लागत नाही.

तो नाकात शिरतो कसा? अंगाला, नाकाला घासणारी रेती आणि गाळ, त्याने पडलेली बारीक चीर, आणि वर साचलेलं पाणी, असा त्याचा मार्ग मानला जातो. इथे मला स्वतःच्या अज्ञानाची गंमत वाटते. मी शिकलो पुण्यात. आणि १९३३ मध्ये पुण्यातल्याच रेती काढणाऱ्या मजुरांमधल्या या आजारावर नोरोन्हा यांनी लेख लिहिला होता. १९३७ मध्ये मांडलिकांनी 'इंडियन मेडिकल गॅझेट'मध्ये अशा गाठींची नोंद आणि संसर्गाच्या वाटेबद्दलची निरीक्षणं छापली होती. नदीत बुडी मारून रेती काढणाऱ्या माणसांकडे ज्या शहरात त्या काळी कुणीतरी असं पाहिलं, त्याच शहरात पुढे कित्येक वर्षांनी मी 'पोहता का?' हा प्रश्न शिकलो. वैनगंगेच्या रेतीघाटावर आता टिप्पर आणि यंत्रं आहेत, तरी घमेलं घेऊन पाण्यात उतरणारे मजूर अजून दिसतात.

भंडाऱ्यापासून छत्तीसगडपर्यंतचा तलावांचा पट्टा सलगच आहे. रायपूरच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये या आजाराचे ४६२ रुग्ण एका लेखात मांडले. जगातले बहुतेक रुग्ण भारत आणि श्रीलंकेतले. १९९०च्या दशकात सर्बियातल्या एका तलावावर आंघोळीला जाणाऱ्यांमध्ये ही साथ निघाली तेव्हा युरोपातली पहिली साथ म्हणून तिची चर्चा झाली. आमच्याकडे ती साथ म्हणून कधी मोजलीच जात नाही. ती असतेच.

एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, गोसेखुर्दच्या पाण्यात थांबतं. पवनीकडचे लोक त्या पाण्याबद्दल जे बोलतात त्यात राग आहे आणि तो रास्त आहे. पण नाकातलं हे मांस सांडपाण्याने येतं असं म्हणू नये. ते जुनं आहे, आणि कमळं फुललेल्या, दिसायला नितळ बोडीतही ते माणसाला गाठतं.

ऑपरेशननंतर पुन्हा वाढू नये म्हणून काही डॉक्टर डॅप्सोन देतात. ही गोळी पूर्व विदर्भात घरोघरी ओळखीची आहे, कारण ती कुष्ठरोगाची गोळी. पेशंटच्या हातात ती दिली की त्याचा चेहरा उतरतो. "मले महारोग झाला का?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता गोळी देण्याआधीच उत्तर देतो. शिवाय ही गोळी सगळ्यांना सोसत नाही. रक्तातलं जी-सिक्स-पीडी हे विकर ज्यांच्यात कमी असतं त्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटतात, आणि आमचा पट्टा सिकलसेलचा, मुळात रक्त कमी असलेल्या माणसांचा. रक्त तपासल्याशिवाय ती देऊ नये.

कुष्ठरोगाचं नाव निघालंच आहे तर सांगतो. या जंतूचाही नाकाशी जुना घरोबा. हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये तो शोधला. रोग अंगभर पसरलेल्या माणसाच्या नाकाच्या अस्तरात तो भरपूर असतो. नाक चोंदतं, खपल्या धरतात, रक्त येतं, आणि शेवटी मधला पडदा झडून नाक खोगिरासारखं बसतं. चेहऱ्यावरून रोग ओळखू येतो तेव्हा नाकाने तो कित्येक महिने आधी सांगितलेला असतो, आणि आपण त्याला सर्दी म्हणून गप्प केलेलं असतं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात आनंदवन आहे, वर्ध्याजवळ दत्तपूर आहे. या रोगाशी इतकी ओळख असलेल्या मुलखात तरी बधिर चट्टा पाहताना नाकही पाहिलं जावं.

आता नेहमीच्या सायनसकडे. 'मला सायनस आहे' असं लोक सांगतात तेव्हा मी म्हणतो, मलाही आहे, सगळ्यांनाच असतात. गालात, कपाळात, डोळ्यांच्या मध्ये आणि त्यामागे खोल, अशा हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या. गालातली पोकळी सगळ्यात मोठी, तीन चमचे पाणी मावेल एवढी. तिची रचना सुताराने उलटी बसवल्यासारखी आहे. निचऱ्याचं भोक तळाशी असायला हवं ते वर आहे. आतल्या अस्तरावरचे केसांसारखे बारीक तंतू शेंबडाचा पातळ थर सतत वर, भोकाकडे ढकलत असतात. सर्दीने अस्तर सुजलं की भोक बुजतं. तलावाच्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. तुडूम बुजलं, पाणी आत कुजलं.

साधं पडसं विषाणूचं. औषध घेतलं तर सात दिवसांत जातं, नाही घेतलं तर आठवड्यात, हा विनोद जुना आहे आणि शब्दशः खरा आहे. अशा शंभर सर्द्यांपैकी एखाद-दुसरीत मागाहून जिवाणू घुसतात. न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस हे त्यातले नेहमीचे. दहा दिवस उलटले तरी उतार नाही, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आणि गालात ठणका सुरू झाला, किंवा सुरुवातीपासूनच भरपूर ताप आणि पू, तेव्हाच अँटिबायोटिकचा विचार. प्रत्यक्षात चौकातल्या दुकानात सर्दी म्हटलं की पुडी बांधून मिळते. त्यात एक अँटिबायोटिक तीन दिवसांचं, एक ॲलर्जीची गोळी, आणि पुष्कळदा एक छोटी पांढरी गोळी, जिने 'लगेच फरक पडतो'. ती स्टेरॉइडची. तिचा हिशेब पुढे येतोच आहे. दुसरं दुकानी व्यसन नाक मोकळं करणाऱ्या थेंबांचं. आठवड्यापेक्षा जास्त घातले की नाक थेंबांशिवाय उघडेनासं होतं, आणि अशी माणसं उशाशी बाटली घेऊन झोपतात. एकाच बाजूच्या गालात वास मारणारा पू असेल तर नाकाआधी दात पाहावेत. वरच्या दाढांची मुळं त्या पोकळीच्या तळाला टेकलेली असतात. लहान मुलाच्या सर्दीत डोळा सुजला तर मात्र त्याच रात्री गाडी करून निघावं. डोळा आणि सायनस यांच्यामधला हाडाचा पापुद्रा कागदाएवढा असतो.

बुरशी सगळीकडे आहे. हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पावसात भिजलेल्या तणसाच्या ढिगात हात घाला, राइस मिलमध्ये तासभर उभे राहा, जुनं कोठार उघडा, तिचे बीजाणू श्वासाबरोबर आत जातातच, आणि धडधाकट माणूस ते शिंकून, गिळून मोकळा होतो. काहींच्या सायनसमध्ये बुरशीचा गोळा बनतो आणि वर्षानुवर्षं निमूट पडून राहतो. काहींना तिची ॲलर्जी होते. तेव्हा पोकळीतून निघतो तो माल गूळ आणि डिंक एकत्र घोटल्यासारखा, तपकिरी, चिवट. सक्शनच्या नळीत अडकला की ओटीतली माणसं वैतागतात. हे दोन्ही प्रकार त्रासदायक, पण जीवघेणे नव्हेत. बुरशी अस्तर ओलांडून मांसात शिरते तेव्हा गोष्ट बदलते.

२०२१ चा मे महिना विसरणारा नाक-कान-घशाचा डॉक्टर महाराष्ट्रात नसेल. म्युकरमायकोसिस आम्हा लोकांना वर्षाला एखाद-दुसरा दिसायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या मागोमाग त्यांची रांग लागली. केंद्राच्या सांगण्यावरून राज्यांनी त्याला १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदवायचा आजार ठरवलं. २८ जून २०२१ पर्यंत देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली होती. त्यातले ३१,३४४ जण नाक, सायनस आणि तिथून डोळा-मेंदूकडे गेलेल्या प्रकारातले. मृत्यू ३,१२९. राज्यांमध्ये महाराष्ट्र अगदी वर, आणि भंडाऱ्याची माणसं नागपूरच्या वॉर्डांत.

पेपरवाल्यांनी 'काळी बुरशी' हे नाव रुजवलं. बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरते, रक्त गोठतं, आणि पुढचं मांस उपाशी मरून काळं पडतं. म्हणून टाळूवर काळा डाग, म्हणून गाल बधिर, म्हणून दात अचानक हलायला लागणं. ते काळं मांस कापताना रक्त येत नाही. आधीच्या त्या ढिवराच्या नाकातली धार आणि इथला हा कोरडा चाकू, दोन्ही माझ्या हाताला आठवतात, आणि दुसरं जास्त भीतीचं आहे. रक्त दिसेपर्यंत कापत जायचं, हा नियम. कधी तो वरचा जबडा घेऊन थांबतो, कधी डोळा.

ही साथ आली कुठून? लोकांनी ऑक्सिजनच्या नळीला दोष दिला, सिलिंडरच्या पाण्याला दिला, मास्कला दिला. नोंदी वेगळं सांगत होत्या. त्याच जूनच्या आकड्यांत निम्म्याहून अधिक रुग्णांना स्टेरॉइड दिलेलं होतं आणि चौसष्ट टक्क्यांना मधुमेह होता. रक्तात साखर आणि आम्ल वाढलं की लोह सुटं होतं, आणि या बुरशीला साखर आणि लोह दोन्ही प्रिय. पांढऱ्या पेशी स्टेरॉइडने आधीच गुंगलेल्या. कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हे याच आजारात पहिल्यांदा कळलं. स्टेरॉइडने कोरोनात जीव वाचवले हे खरं आहे. ज्यांना ऑक्सिजन लागत होता त्यांचे. घरी बसून, ऑक्सिजन ठणठणीत असताना, व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी दाखवून ज्यांनी ती छोटी पांढरी गोळी दोन-दोन आठवडे खाल्ली, त्यांचं काय झालं ते आम्ही पाहिलं.

या बुरशीवरचं अँफोटेरिसिनचं इंजेक्शन तेव्हा मिळत नव्हतं. केंद्राकडून राज्याला, राज्याकडून जिल्ह्याला कोटा यायचा आणि नातेवाईक कागद घेऊन धावायचे. वर्ध्याच्या एका कंपनीने परवाना मिळवून ते बनवायला घेतलं तेव्हा नागपूरच्या वॉर्डांना जरा श्वास मिळाला. एका डोळ्याने पाहणारी आणि बसवलेल्या जबड्याने बोलणारी माणसं आजही तपासायला येतात. त्यांच्यावरचं प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात चांगलं उतरलेलं आहे, कारण लेखकांनी त्यात आजारापेक्षा नंतरचं आयुष्य लिहिलं आहे. भाकरी कशी चावायची, चष्म्याची एक काच काळी का ठेवायची, लग्नाला गेलं की कुठल्या बाजूला बसायचं.

आणखी एक आजार आहे, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. नाकाचं अस्तर सुकत जातं, आतली जागा मोठी होते, हिरव्या खपल्या धरतात आणि भयंकर वास येतो. गंमत अशी की ज्याचं नाक त्यालाच वास येत नाही, कारण वास घेणारे तंतूही सुकलेले असतात. घरच्यांना येतो. सून पदर नाकाला लावते, नातू मांडीवर बसत नाही, आणि म्हातारीला कारण कळत नाही. सुश्रुताने नाकाचे ३१ रोग सांगितले, त्यात पूतिनस्य आहे. दुर्गंधीची ही तक्रार इतकी जुनी. अशा नाकात माशी अंडी घालते. 'किडे पडतील' हा आपल्याकडे शाप आहे, म्हणून नाकात अळ्या निघालेली माणसं दवाखान्यात येतानाही मान खाली घालून येतात, जणू कुठलं पाप बाहेर पडलं. पाप नव्हे, माशी. चिमट्याने अळ्या काढायला आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवायला काही दिवस लागतात. शापाचा डाग जायला जास्त.

लेखकांशी माझे दोन मतभेद आहेत आणि ते इथे मांडायची त्यांनी परवानगी दिली आहे. वाफ घेण्यावर त्यांनी चार पानं खर्च केली आहेत. मी अर्ध्या पानात आटोपलं असतं, आणि त्यातल्या चार ओळी उकळत्या पातेल्यावर वाकवलेल्या लहान मुलांच्या भाजण्यावर लिहिल्या असत्या. दुसरं, जलनेती. नाक मिठाच्या पाण्याने धुणं चांगलं, अगदी चांगलं. पण पाणी उकळून गार केलेलं हवं, हे वाक्य त्यांनी तळटीपेत टाकलं आहे. ते ठळक अक्षरांत वर हवं होतं. कोमट, साचलेल्या गोड्या पाण्यात राहणारा एक अमीबा नाकातून थेट मेंदूत चढतो. केरळमध्ये २०२४ मध्ये त्याने मुलं दगावली, त्यातली काही तलावात उतरलेली होती. असा रुग्ण विरळा. पण ज्या जिल्ह्यात तलाव परसात आहे तिथे हे वाक्य तळटीपेत शोभत नाही. पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले आहेत.

आशाताईंसाठी शेवटी एक पानाची प्रश्नावली दिली आहे. तिचा पहिला मसुदा पाहिला तेव्हा त्यात सातवा प्रश्न होता, 'रुग्णास जलक्रीडेचा इतिहास आहे काय?' मी तो खोडून वर पेनाने लिहिलं, 'आंग कुठं धुता?' छापील प्रतीत तो पहिला प्रश्न झाला आहे.

तो ढिवर नंतर तीनदा आला. दुसऱ्या वेळी नीट, मुळापासून काढलं, तिसऱ्या वेळी नाकाच्या पडद्यावर तांदळाच्या कणीएवढं पुन्हा दिसलं तेही जाळलं. चौथ्या वेळी नाक स्वच्छ होतं. त्याला म्हटलं, आता आंघोळ हापशीवर करायची. तो म्हणाला, करतो जी, घरी बाईनेही तेच सांगितलं. मग जरा थांबून त्याने विचारलं की ढिवरांच्या संस्थेने तलावाची लीज भरली आहे, दिवाळीपासून शिंगाडे काढायचे आहेत, ते काठावर उभं राहून निघत नाहीत, तर उतरायचं का? मी नाकाला कापसाचे बोळे लावायचं, बुडी मारायची नाही, बाहेर आल्यावर उकळून गार केलेल्या पाण्याने नाक धुवायचं, असं बरंच काही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. पुढच्या महिन्यात तो शिंगाड्याची पिशवी घेऊन आला, हिरवे, अजून चिखल लागलेले. नाकात मी पाहिलं. त्या वेळी तरी काही नव्हतं.